भाला सगळ्यांचा, मग शूज एकट्याचे का?

प्रति,
मा. बहादूरसिंग सागू,
अध्यक्ष, भारतीय ॲथलेटिक्स महासंघ

महोदय,


आपण गोळाफेकीतले. २००२ साली बुसानच्या आशियाई स्पर्धेत आपण सुवर्णपदक जिंकलंत, तेव्हा मैदानावरचा प्रत्येक गोळा आधी कुणीतरी तराजूत घातला असणार, त्याचा व्यास मोजला असणार आणि पास झाल्याची खूण केली असणार. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, त्यात एक ग्रॅम कमी खपवून घेतला जात नाही. फेकीच्या खेळांत आणखी एक फार सुंदर नियम आहे. खेळाडूने स्वतःचा गोळा, थाळी किंवा भाला आणला तर हरकत नाही, पण तो आधी तपासून घ्यायचा आणि एकदा स्पर्धेत दाखल झाला की प्रतिस्पर्ध्यालाही वापरू द्यायचा. २०२१च्या ऑगस्टमध्ये आपल्या देशाने या नियमाची शिकवणी घेतली. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत नीरज चोप्राचा भाला पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात होता, एवढ्यावरून समाजमाध्यमांवर गदारोळ माजला आणि शेवटी नीरजलाच व्हिडिओ करून सांगावं लागलं की यात गैर काही नाही, नियमच तसा आहे.

हा पत्रप्रपंच मात्र शूजसाठी आहे. त्याच मैदानावर, त्याच खेळात, भाला सगळ्यांचा असतो आणि धावणाऱ्याचे शूज ज्याचे त्याचे. ज्याच्या घरी पैसे त्याच्या पायात उसळणारा फोम. मी नाशिक जिल्ह्यात शालेय आणि हौशी स्पर्धांना तांत्रिक अधिकारी म्हणून उभा राहतो, शिट्टी, घड्याळ आणि निकालपत्रकाचं पॅड घेऊन. मोठ्या स्पर्धांचा मला अनुभव नाही. पण मोठ्या स्पर्धांना जाणारी पोरं जिथून निघतात, ती जागा मला पुरती माहीत आहे.

नाशिकला धावणारी पोरं उदंड. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं आणि दीड महिन्यातच ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ग्वांगझूला पहिल्या आलेल्या प्रीजा श्रीधरनची वेळ होती ३१ मिनिटं ५०.४७ सेकंद आणि कविताची ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. पंचवीस फेऱ्या धावून एक सेकंदसुद्धा अंतर नाही. हे आकडे मुद्दाम दिले, कारण पुढे शूजची जी टक्केवारी येणार आहे, ती या अंतराच्या शेजारी ठेवून वाचावी. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग यांनी कविताला घडवलं. मोनिका आथरे, संजीवनी जाधव ही नावं त्यानंतरची. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी या पट्ट्यातून दर मोसमात नवी मुलं येत राहतात. बहुतेकांना शर्यतीच्या दिवशी पहाटेची पहिली एसटी गाठावी लागते.

मागे एका निवड चाचणीत पाहिलेलं सांगतो. एकाच पाड्यावरच्या दोन मुली, एक सोळा वर्षांखालच्या गटात, दुसरी अठराखालच्या. दोघींत मिळून स्पाइक्सची जोडी एक. लहानीची शर्यत संपली तशी ती पायरीवर बसून धापा टाकत नाड्या सोडू लागली. नाडीची गाठ घामाने आवळून बसलेली, सुटेना. मोठी शेजारी उभ्या उभ्या एका मोज्यावर दुसरा मोजा चढवत होती, कारण जोडी तिला एक नंबर मोठी. चवड्याशी वर्तमानपत्राचा बोळा आधीपासून होताच, तो तिने बोटाने दाबून सारखा केला. तिकडे तिच्या गटाची नावं पुकारणं सुरू झालं होतं. त्याच रांगेत पलीकडे मुलांच्या गटातला एकजण होता, त्याच्या पायात फुगीर पांढऱ्या सोलचे, आत प्लेट असलेले नवे कोरे शूज. त्याचा यात काही दोष नाही. वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेत, असं तो मला मोकळेपणाने म्हणाला. किंमत विचारली नाही, पण अशा जोडीला वीस-पंचवीस हजार मोजावे लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

या शूजमुळे काय होतं, हे आता वादाचं राहिलेलं नाही. २०१७ साली जाड, हलका, उसळणारा फोम आणि त्यात कार्बनची ताठ प्लेट अशी जोडी बाजारात आली. प्रयोगशाळेत मोजलं तर त्याच वेगाने धावायला सुमारे ४ टक्के कमी ऊर्जा लागत होती. हा अभ्यास खुद्द ती जोडी बनवणाऱ्या कंपनीच्या पैशांतून झालेला, म्हणून अनेकांनी आधी नाक मुरडलं. मग निकाल बोलू लागले. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी शिकागोत ब्रिजिड कोसगेईने अशाच शूजमध्ये २ तास १४ मिनिटं ४ सेकंदांत मॅरेथॉन संपवली आणि पॉला रॅडक्लिफचा सोळा वर्षं टिकलेला विक्रम ८१ सेकंदांनी मोडला. आता ४ टक्के ऊर्जा वाचली म्हणजे वेळ ४ टक्क्यांनी घटते असं नव्हे. सगळ्यांच्या पायांना फायदा सारखा होतो असंही नव्हे. पण ग्वांगझूचं अंतर ०.०५ टक्क्यांचं होतं.

जागतिक ॲथलेटिक्स संघटना जागी झाली ती ३१ जानेवारी २०२० रोजी. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत, प्लेट एकच आणि शूज स्पर्धेआधी चार महिने खुल्या बाजारात विक्रीला असले पाहिजेत, असं ठरलं. ट्रॅकवरची मर्यादा पुढे कमी करत करत नोव्हेंबर २०२४ पासून सर्व शर्यतींना २० मिलिमीटर झाली. मिलिमीटरचा भाग मला मान्य आहे. मला खटकतो तो खुला बाजार. लासलगावच्या बाजार समितीचं फाटकही सगळ्यांना खुलंच असतं, आत भाव कुणाच्या हाती असतो ते कांदा घेऊन गेलेल्याला विचारा. २०२३च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनला तिगिस्त असेफाने ज्या शूजमध्ये २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा विक्रम केला, त्यांची किंमत ५०० डॉलर होती, सुरुवातीला बनवल्या फक्त ५२१ जोड्या, आणि एका मॅरेथॉनपुरते वापरायचे शूज म्हणून ते विकले गेले. नियमाच्या भाषेत हाही खुला बाजारच.

आता अंमलबजावणीकडे येतो, कारण नियम कागदावर चांगला असून भागत नाही. डेरारा हुरिसा हे नाव आपल्या लक्षात असेल. इथिओपियाचा हा तरुण जानेवारी २०२० मध्ये मुंबई मॅरेथॉन धावला. पहिलीच मॅरेथॉन, स्वतःचे शूज प्रवासात हरवलेले, पायात सहकाऱ्याकडून मागून घेतलेले. तरी तो २ तास ८ मिनिटं ९ सेकंदांत पहिला आला आणि मार्गाचा विक्रमही केला. पुढच्या वर्षी, १२ सप्टेंबर २०२१ला, हाच हुरिसा व्हिएन्नात पहिला आला. हात उंचावून झाले, छायाचित्रं झाली, आणि मग तपासणीत कळलं की पायातल्या शूजचा सोल ५ सेंटिमीटरचा आहे, परवानगी ४ सेंटिमीटरची. स्पर्धेआधी त्याने अर्जात जे शूज लिहिले होते ते नियमात बसणारे होते. धावताना पायात निघाले दुसरेच. तो बाद झाला आणि त्याच्या तीन सेकंद मागे असलेला केनियाचा लिओनार्ड लंगट विजेता ठरला.

बहुतेकांनी यात खेळाडूची लबाडी किंवा गबाळेपणा पाहिला. मला त्यात अधिकाऱ्यांची हयगय जास्त दिसते. सुरुवातीच्या रेषेवर एका माणसाने अर्ज हातात धरून खाली पायांकडे पाहिलं असतं, तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. कागद तपासला, पाय नाही तपासला. गोळ्याच्या बाबतीत असं घडू शकतं का? फेकून झाल्यावर सावकाश वजन करू, असं आपण कधी म्हणालो आहोत का?

आणि आमच्या पातळीवर तर कागदही नसतो. खालच्या स्पर्धांत शूजचा मुद्दा निघतो तो एकाच कारणाने, सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइक्सचे खिळे ९ मिलिमीटरपेक्षा लांब नकोत. ट्रॅक खराब होऊ नये म्हणून खिळे बघतात, मुलाचं नुकसान होऊ नये म्हणून सोल कुणी बघत नाही. बघायचं ठरवलं तरी ते सोपं नाही, हेही मला मान्य आहे. सोलची जाडी बाहेरून पट्टी लावून मोजता येत नाही, कारण पाय आत किती खोल बसतो ते बाहेरून दिसत नाही. नियमाप्रमाणे शूजच्या आतल्या लांबीच्या १२ टक्क्यांवर टाचेपाशी आणि ७५ टक्क्यांवर चवड्यापाशी, आतून बाहेर, अशी दोन ठिकाणी जाडी घ्यावी लागते. त्याचं साधन जिल्ह्याच्या पेटीत कुठून येणार? त्यात आपल्याकडे फर्स्ट कॉपीचा बाजार. मंजूर शूजच्या जागतिक यादीत मॉडेलचं नाव असतं, ते नाव कॉपीवरही छापलेलं असतं. आत प्लेट एक आहे, दोन आहेत की नुसता पुठ्ठा, हे ती जोडी कापल्याशिवाय कळायचं नाही.

तरीही तपासणी करायची ठरवली की होते. क्रिकेटवाल्यांनी करून दाखवलं. बॅटची कड ४० मिलिमीटर, जाडी ६७ मिलिमीटर, हा नियम २०१७चा. पण तपासणी ड्रेसिंग रूममध्ये व्हायची. २०२५च्या आयपीएलमध्ये पंचांनी मापाची चौकट थेट खेळपट्टीपाशी आणली. फलंदाज आला की बॅट त्यातून सरकवायची, सरकली तर खेळ, अडकली तर दुसरी बॅट. सुनील नारायण आणि आन्रिक नॉर्किये यांच्या बॅटी अशाच अडकल्या, बदलल्या गेल्या आणि सामना पुढे सुरू झाला. कुणाला बाद करावं लागलं नाही की चौकशी समिती नेमावी लागली नाही. चेंडू पडण्याआधीची अर्ध्या मिनिटाची तपासणी ती.

साधनांवरून भांडणारा आणखी एक खेळ आहे, आपल्याकडे फारसा कुणी न पाहिलेला. शिडाच्या फळीवर उभं राहून वाऱ्याशी शर्यत लावतात तो, विंडसर्फिंग. आमच्या गंगापूर धरणावर बोटिंग चालतं, असली शिडं दिसत नाहीत. या खेळाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत, म्हणून तो इथे आणला. व्यावसायिक स्पर्धांमध्ये कंपन्या आपापल्या फळ्या आणि शिडं घेऊन उतरतात, बंधन एवढंच की ती विक्रीसाठी बनलेली असावीत आणि आधी नोंदवलेली असावीत. आपला खुला बाजार तो हाच. ऑलिंपिकमध्ये मात्र १९८४च्या लॉस एंजेलिसपासून तत्त्व वेगळं. फळी एका ठरावीक बनावटीची, सगळ्यांना तीच. पुढे मिस्ट्रल आली, मग आरएसएक्स, पॅरिसला आयक्यूफॉइल. वारा सगळ्यांना एक, फळी सगळ्यांना एक, राहिला तो माणूस.

या वाटेवरही खड्डे आहेत. ऑलिंपिकची फळी बदलली की गरीब देशांतल्या खेळाडूंचं जुनं साहित्य एका रात्रीत मोडीत निघतं. आपल्या ईबाद अलीने २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकलं ते आरएसएक्सवर, जी फळी तोवर ऑलिंपिकमधून बाहेर गेलेली होती. शिवाय एका साच्यातून निघालेल्या शिडांतही थोडाफार फरक पडतो आणि पैसेवाला चार घेऊन त्यांतलं बरं ठेवतो. म्हणजे समान साधनाने पैशाचा जोर संपत नाही, कमी होतो. मला तेवढंही पुष्कळ आहे.

आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल की नाशिकच्या पोरांना शूजचं काय घेऊन बसलात, कविता राऊत लहानपणी अनवाणीच धावायची. हे वाक्य मी जाहीर सत्कारांत इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी जिंकला, हे सगळे सांगतात. तोच बिकिला १९६४ साली टोकियोत शूज घालून पुन्हा जिंकला, हे कुणी सांगत नाही. बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत अनवाणी धावलेल्या लता करे यांच्यावर चित्रपट निघाला, तो बघून आपण डोळे पुसले. त्या नवऱ्याच्या औषधपाण्याच्या पैशांसाठी धावल्या होत्या, हौसेने नव्हे. अनवाणी पायांचं कौतुक करणारे भाषण संपल्यावर स्टेजखाली आपली चप्पल शोधत असतात. गरिबीत काढलेल्या वर्षांचा आपण दागिना करतो आणि मग तो दागिना दुसऱ्याच्या मुलीने घालावा अशी अपेक्षा ठेवतो.

शिवाय या शर्यतींवर नुसती पदकं लटकलेली नाहीत. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. राज्य स्पर्धेतला तिसरा आणि चौथा यांच्यात एका पदकाचं अंतर असतं, दहा वर्षांनी ते एका पगाराचं झालेलं असतं. तिसरा कोण ते जर फोमने ठरवलं असेल, तर निदान आपल्याला ते माहीत तरी असायला हवं. आज कुठल्या विजेत्याच्या पायात काय होतं, याची एक ओळही आमच्या निकालपत्रकात नसते.

मागणं मोठं नाही. सोळा वर्षांखालच्या गटांत, जिल्ह्यापासून आपल्या आंतरजिल्हा राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेपर्यंत, प्लेट असलेले शूज बंद करा. वयोगटाप्रमाणे साधन बदलणं ॲथलेटिक्सला नवं नाही. मुलांचा गोळा हलका असतो, अडथळे ठेंगणे असतात, त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. प्लेट नसलेल्या, देशात सहज मिळणाऱ्या आणि किमतीची वरची मर्यादा ठरवलेल्या शूजची एक छोटी यादी महासंघाने दर मोसमाआधी लावावी. यादी छोटी असली की शर्यतीआधी हजेरी घेणाऱ्या कॉल रूममधल्या माणसाला मिलिमीटर मोजत बसावं लागणार नाही, मॉडेल पाहिलं की काम झालं. तपासणी शर्यतीआधीच व्हावी. नियमाबाहेरचे शूज निघाले तर मुलाला बाद न करता शूज बदलायला सांगावं.

बदलून घालायचं काय, हा खरा प्रश्न, आणि इथे भाल्याचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. भाल्याला नंबर नसतो, पायाला असतो. नदीमच्या हातात नीरजचा भाला बसतो, पाच नंबरच्या पायात आठचा शूज बसत नाही. म्हणून प्रत्येक जिल्हा संघटनेकडे निदान तीनपासून दहा नंबरपर्यंतच्या स्पाइक्सच्या जोड्या असाव्यात, प्रत्येक नंबरच्या काही, गोळ्यासारखी खूण केलेल्या, स्पर्धेच्या दिवशी सही करून घ्यायच्या आणि संध्याकाळी परत द्यायच्या. दुसऱ्याच्या घामाचे शूज कोण घालणार, असं कुणी विचारलं तर त्यांना त्या पायरीवरच्या दोघींची गोष्ट सांगा. पोरं ते आजही करतातच, फक्त कागदाचा बोळा घालून.

खर्चाचं म्हणाल, तर एका जिल्ह्याला अशा साध्या जोड्यांचा संच उभा करायला सत्काराच्या मांडव-स्पीकरपेक्षा फार जास्त लागणार नाही. शूज कंपन्या नाराज होतील ही भीती मला पटत नाही. वरच्या गटांत, रस्त्यावर, मॅरेथॉनमध्ये त्यांचा बाजार खुला आहेच, त्याला मी हात लावत नाही. सोळा वर्षांवरच्यांनी रस्त्यावर ४० मिलिमीटरच्या फोमवर खुशाल उसळावं. आणि नियम एका राज्यात एक, दुसऱ्यात दुसरा, असं मात्र करू नका. महाराष्ट्राने प्लेट बंद केली आणि शेजारच्यांनी चालू ठेवली, तर राष्ट्रीय स्पर्धेत मार आमच्याच पोरांना बसेल. म्हणूनच हे पत्र जिल्हा संघटनेला किंवा क्रीडामंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिलं आहे.

हे सगळं पुढच्या मोसमाआधी जमणार नसेल, तर एक गोष्ट बिनखर्चाची आहे. प्रवेश अर्जात आणि निकालपत्रकात शूजच्या मॉडेलचा एक रकाना वाढवा. दोन मोसम तो भरला गेला, तर प्लेटवाले किती आले, किती जिंकले आणि ते कुठल्या तालुक्यांतून आले, याचा हिशेब आपल्या टेबलावर असेल. मग माझं म्हणणं खोटं ठरलं तरी चालेल. तो रकाना भरून घेण्याची जबाबदारी आमच्या जिल्ह्यापुरती मी घेतो, नमुना अर्ज तेवढा वेळेत पाठवावा.

कळावे,
आपला,
नाशिक जिल्ह्यातील एक तांत्रिक अधिकारी